नववा डबा

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. दिवाळी जवळ आली, दुकानांवर ‘धमाका’, ‘महाबचत’ अशा कापडी पाट्या झळकल्या, की ती आपोआप समोर येऊन उभी राहते. नोकरीत मी बेवारस प्रेतांचे पंचनामे केले, सुरा घेतलेल्या माणसाला मिठी मारून पाडलं, पण घाबरलो म्हणावं असा घाबरलो तो पावडरच्या काही डब्यांना.

मी मूळचा झाडीपट्टीतला, भंडाऱ्याच्याही पलीकडचा. सातवीत शाळा सुटली. वडील गेले, धाकटी भावंडं होती, मास्तरांनी दोनदा घरी येऊन सांगितलं, तिसऱ्यांदा तेही आले नाहीत. पुढे शिपाई म्हणून भरती झालो आणि फिरत फिरत भिवंडीला आलो. गावाला जायचं तर दीड दिवस मोडायचा. बायको-मुलं गावीच, आईजवळ. मी पोलीस लाईनीतल्या एका खोलीत. त्या वेळी हवालदार होतो. लोक मामा म्हणत. ठाण्यातली पोरं माझ्या बोलीची चेष्टा करत, “मामा, जेवून राहिले का चहा पिऊन राहिले?” मी हसायचो. ज्या नोकरीने माझ्यासारख्या सातवी पास माणसाला खुर्ची दिली, तिथे चेष्टेचा राग कसला करायचा?

एक सवय मात्र मला तिथे लागली होती. शिक्षण कमी असल्याने लिहिताना चुकेन अशी सतत धास्ती असे. म्हणून समोरचा जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. त्यावर सगळे हसत. त्या सवयीनेच पुढे एक माणूस वाचला. पण त्याला अडकवलंही मीच होतं, ते आधी सांगितलं पाहिजे.

साल दोन हजार सात-आठच्या सुमाराचं. त्या वर्षी प्रोटीन पावडरचे भाव फार चढले होते. व्यायामशाळेत जाणारी पोरं कुरकुरत, पण खरी पंचाईत आजारी माणसांची. डॉक्टर म्हणत, प्रोटीन द्या. होळीला जो डबा एकशेतीसला होता तो पावसाळ्यात एकशेपंचेचाळीस झाला, दसऱ्याला एकशेपासष्ट. मग मेडिकलवाले ‘माल नाही’ म्हणू लागले. परदेशातून येणारी भुकटी महागली, नवा भाव लागेपर्यंत माल सुटत नाही, असं जो तो सांगायचा. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भाव रोज हलत असला की योग्य भाव कोणता हे माणूस विसरूनच जातो.

अशात एस. टी. स्टँडजवळच्या एका मोठ्या दुकानाने पाटी लावली. दिवाळी सेल, दोनशेचाळीसचा डबा एकशेऐंशीला. रांग लागली.

त्या रांगेत मीही होतो.

गावी आईचं मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. दुकानदाराने मला गणवेशात पाहिलं आणि रांगेतून पुढे बोलावलं. “मामा, तुम्ही कशाला उभे राहता? आईसाठी ना? तुमच्यासाठी एकशेसत्तर. बिलाचं तेवढं म्हणू नका, सेलमध्ये बिल परवडत नाही.” मी दोन डबे घेतले. माणूस ओळख ठेवतो म्हणून मनातून खूशही झालो. एक डबा गावाकडे निघालेल्या एका शिपायाबरोबर पाठवला. दुसरा पुढच्या खेपेला न्यायचा म्हणून खोलीत फळीवर ठेवला.

आठवडाभरात भिवंडीजवळच्या राहनाळ गावातल्या एका गोदामाची फिर्याद आली. वर्षाची मोजणी केली तेव्हा त्याच पावडरची तीस खोकी कमी भरली होती. गुन्हा दाखल झाला. तपास आमच्या फौजदार साहेबांकडे. साहेब वयाने माझ्या धाकट्या भावासारखे, पण शांत. माझं शुद्धलेखन सुधारावं म्हणून ते माझ्या नोंदी लाल पेनने तपासत आणि कुणाला दिसू नये म्हणून वही मिटून परत देत. ते उपकार मी विसरलो नाही.

दोन दिवसांनी मी ठाणे अंमलदार असताना फोन वाजला. दुपारची वेळ. मागे गाड्यांचा आवाज, म्हणजे पी.सी.ओ.वरून असावा.

“हवालदारसाब, लिख लो. कोन गाँव में रहता है, राहनाळ के गोदाम का हमाल. उसके घर में ताकत के पावडर के नौ डिब्बे हैं. गोदाम का माल है.”

“आपण कोण?”

“भला चाहनेवाला,” म्हणाला आणि फोन ठेवला.

मी स्टेशन डायरीत नोंद केली. शब्दन् शब्द. हमालाचं वर्णन, चाळीची खूण, नऊ डबे. साहेबांना सांगितलं आणि दोन पंच घेऊन आम्ही कोनला निघालो.

चाळीतली दहा बाय दहाची खोली. हमाल घरीच होता, पाळी संपवून अंघोळ करून नुकताच बसला होता. पस्तिशीचा, खांद्यावर ओझ्याचे घट्टे, अंग वाळलेलं. खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत, गोधडीत गुंडाळलेले डबे निघाले. लहान पोराला थंडी लागू नये म्हणून गुंडाळावं तसे. बॅच नंबर फिर्यादीतल्या नंबराशी ताडून पाहिले. जुळले. आम्हाला आणखी काय पाहिजे होतं? डब्यावरच्या किमतीकडे कुणी पाहिलंही नाही.

“कुठून आणले?”

“इकत घेतले, साहेब. सेलमधून. बोनसचे पैसं गेले सगळे.”

दारात चाळीची मालकीण, एक ठसठशीत आगरी म्हातारी, कमरेवर हात ठेवून उभी. “बोनसचं पैसं डब्यात घालनारा हमाल पयल्यांदाच बघतंय मी,” ती म्हणाली. “माजी खोली खाली कर रं बाबा. पोलीस आलेलं घर मना नको.”

डबे मोजून सीलबंद केले. पंचांच्या सह्या घेतल्या. डबे आठ भरले. डायरीत मीच नऊ लिहिले होते आणि पंचनाम्यात मीच आठ लिहिले. दोन्ही अक्षरं माझी. तरी तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही.

न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. विचारपूस सुरू झाली. साहेब खुर्चीत, तो खाली भिंतीला टेकून, मी लिहायला.

“नऊ घेतले, साहेब. डॉक्टर बोलला सहा महिनं पावडर पायजे. बायकोला टीबी हाय. दुकानवाला बोलला, दिवाळी झाली का दोनशेचाळीस, फुडं तीनशे बी व्हईल. म्हनून एकदम घेतले.”

“मग नववा कुठाय?”

“बायकोच्या संगती गेलाय. ती माहेरी हाय, अकलोलीला.”

“बिल?”

“बिल दिलं न्हाय. सेलमधी बिल न्हाय बोलला.”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझ्याच कानांनी. पेन थांबलं. साहेबांनी पाहिलं, मी मान खाली घातली. त्या धास्तीत काय झालं कोण जाणे, मी उठलो आणि त्याच्या कानफटात मारली. “खोटं बोलून राहिला का बे?” साहेबांनी मला एका नजरेत खाली बसवलं. तो गाल चोळत म्हणाला, “खोटं न्हाय, हवालदारसाहेब. दुकानवाल्याला इचारा.”

विचारलं. दुकानदाराला बोलावून घेतलं. तो आला तो सुक्या मेव्याचा डबा घेऊन. साहेबांनी तो परत त्याच्याच हातात दिला. खुर्चीत बसता बसता तो माझ्याकडे वळला, “काय मामा, आईची तब्येत काय म्हणते?”

मी कागदावर तारीख घालायला लागलो.

“साहेब,” तो पुढे म्हणाला, “ऑफर होती ती व्यायामवाल्या मोठ्या डब्यांवर. ही आजाऱ्यांची पावडर आम्ही दोनशेचाळीसलाच देतो, आणि बिल फाडून. हमालाला एवढे डबे कोण देईल? त्याची ऐपत काय? पाहिजे तर मामांना विचारा, ते आमच्या दुकानात येतात.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी “हो” म्हणालो.

एवढंच. एक अक्षर. दुकानात येतो एवढ्यापुरतंच ते खरं होतं, असं मी स्वतःला समजावलं. मला एकशेसत्तरला मिळाला तो पोलीस म्हणून, हमालाला कसा मिळेल, असंही समजावलं. सहा वर्षं राहिली होती निवृत्तीला. गावी पेन्शनच्या भरवशावर सहा तोंडं. विनाबिलाचा डबा, तोही गुन्ह्यातल्या मालाचा निघाला तर माझ्याच हातात बेडी नाही का पडणार? खोलीतल्या फळीकडे पाठ करून झोपायचो.

कोठडीचा शेवटचा दिवस उद्यावर आला. साहेब मुदतवाढ मागणार होते. गोदामाच्या ठेकेदाराने हमालाचं नाव पटावरून काढल्याचं कळलं होतं. दुपारी ठाण्याच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. बाई कसली, हाडांचा सापळा. पदर तोंडावर धरलेला, कारण खोकला. हातात कापडी पिशवी.

“हमाल धरलाय ना, त्याची मी.”

मी बाकावर बसायला सांगितलं. ती बसली नाही. पिशवीतून तिने डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

“ह्यो नववा. गावात कळलं मना. यातलं मी आठ-धा चमचं घेतलंय, हवालदारसाहेब. चोरीचं असल तर हे परत घ्या. पन पिलेलं कसं परत देऊ?”

महिला शिपाई पाणी घेऊन आली. नोंद तर करायलाच हवी, म्हणून मी डायरी ओढली. हजर केलेला डबा एक. आधीच्या नोंदीचा संदर्भ द्यायचा म्हणून मागची पानं उलटली आणि माझंच अक्षर समोर आलं. नऊ डबे.

झडतीच्या आधी, फोनवर. नऊ.

घरात तेव्हा आठच होते. चाळीतल्या कुणी डोकावून पाहिलं असतं तर त्याने आठ सांगितले असते, नाहीतर ‘पुष्कळ आहेत’ म्हटलं असतं. एक डबा अकलोलीला गेलाय हे ज्याला माहीत नव्हतं आणि तरी आकडा पक्का माहीत होता, असा माणूस एकच. ज्याने नऊ विकले तो.

डबा उचलला तर त्यावरची दोनशेचाळीसची चिठ्ठी अंगठ्याखाली सरकली.

“हा ओला कसा?”

“अकलोलीच्या गरम पान्याच्या कुंडावर भिजला. आई धुनं धुवायला नेते तिकडं गरम पान्यावर. पिशवी काठाला ठेवली व्हती, वाफेनं नि पान्यानं भिजली.”

चिठ्ठी अर्धी सुटली होती. खाली डब्यावरच छापलेली किंमत होती, एकशेपासष्ट. मी डबा नाकाशी नेला. आंबूस वास. भिवंडीत राहिलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. लूमवर चढवण्याआधी सूत ताठ व्हावं म्हणून सायझिंगच्या कारखान्यात पिठाची खळ लावतात, तिचा तो वास. गोदामातली लेबलं यंत्राने डिंक लावून येतात, ती अशी सुटत नाहीत. ही चिठ्ठी कुणीतरी खळीने डकवली होती. भिवंडीत खळ बादलीभर फुकट मिळते, म्हणून डिंकाचा खर्च वाचवला. वाफ लागली की खळ सुटते हे मात्र लक्षात घेतलं नाही. आणि त्या दुकानदाराच्या मेव्हण्याचं सायझिंग होतं, हे ठाण्यातल्या शिपायालाही ठाऊक होतं.

मी चहाला जातो म्हणून सांगितलं आणि लाईनीतल्या खोलीवर गेलो. दार लावून घेतलं. फळीवरचा डबा बादलीत बुडवला. शंभर आकडे मोजेपर्यंत चिठ्ठी पाण्यावर तरंगायला लागली.

एकशेपासष्ट.

म्हणजे ओळखीच्या माणसाने मला छापील किमतीपेक्षा पाच रुपये जास्त लावले होते आणि मी त्याच्या उपकारात राहिलो होतो. हमालाने प्रत्येक डब्यामागे पंधरा जास्त दिले होते. माल चोरीचा, त्यावर खोटी किंमत, त्या खोट्या किमतीवर सूट, आणि ती सूट घेऊनही गिऱ्हाईक खऱ्या भावाच्या वरच. बचत झाली म्हणून आम्ही दोघांनीही देवापुढे हात जोडले असतील.

इथवर मी तपास केला असं म्हणता येईल. पुढचं सांगताना आजही लाज वाटते. मी डबा वर्तमानपत्रात गुंडाळला, बगलेत धरला आणि खाडीच्या पुलाकडे चालू लागलो. टाकून द्यावा, विषय संपेल. फोनची नोंद आणि बाईचा डबा एवढ्यावर साहेब पुढे जातील, माझं नाव कशाला? पुलावर जाऊन उभाही राहिलो. ट्रक जात होते, कठडा हादरत होता. आणि डोक्यात एकच चाललं होतं, पिलेलं कसं परत देऊ. ती बाई आजारी, अकलोलीहून वडापच्या जीप बदलत आली, आणि अर्धवट संपलेला डबा घेऊन स्वतःच्या पायाने ठाण्यात हजर झाली. तिला कुणी समन्स काढलं नव्हतं.

परत फिरलो.

साहेब मुदतवाढीचा अर्ज लिहीत होते. मी दोन्ही डबे समोर ठेवले. डायरीतली नोंद दाखवली, पंचनामा दाखवला. मग माझा डबा पुढे सरकवला आणि सगळं सांगितलं. रांग, एकशेसत्तर, बिल नाही, आणि तो “हो”.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

“दोन घेतलेत म्हणता. दुसरा?”

“गावी. आईकडे.”

“मागवून घ्या.” मग टेबलावरचे कोरे कागद माझ्याकडे सरकवले. “लिहा, हवालदार. जबाब.”

“कुणाचा, साहेब?”

“तुमचा.”

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब लिहिले. ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ हे शब्द हाताला इतके सवयीचे, की डोळे मिटून लिहीन. त्या संध्याकाळी ते स्वतःच्या नावाखाली लिहायला मला पाऊण तास लागला. साहेबांनी वाचला. लाल पेन उचललं नाही. “यात चुका आहेत,” म्हणाले, “पण राहू द्या तशाच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराला परत बोलावलं. साहेबांनी चहा मागवला, दिवाळीची गर्दी कशी आहे विचारलं. तो खुलला. म्हणाला, “साहेब, चोर तुम्ही लवकर धरलात, व्यापाऱ्यांना बरं वाटतं.”

“हो ना. पण एवढ्याशा खोलीत किती माल लपवला होता बघा. तुम्हाला काय वाटतं, किती असतील?”

“नऊ म्हणजे काही कमी नाही, साहेब.”

साहेबांनी पंचनामा त्याच्यासमोर फिरवला आणि आठ या आकड्यावर बोट ठेवलं. “झडतीत आठ सापडले. पेपरात काही आलेलं नाही, आम्हीही तुम्हाला आकडा सांगितलेला नाही. नऊ तुम्हाला कुणी सांगितलं?”

दुकानदाराने कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला. त्याने माझ्याकडे पाहिलं, बहुधा आईची चौकशी करायची होती. मी या वेळी मान खाली घातली नाही.

दुकानाच्या माळ्यावर सतरा खोकी मिळाली. सायझिंगच्या मागच्या खोलीत दोनशेचाळीसच्या छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि वाळलेल्या खळीचं घमेलं. शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा तिथे बसून डबे डकवायचे. गोदामाचा सुपरवायझर संध्याकाळपर्यंत पोपटासारखा बोलायला लागला. खोकी तो मागच्या दाराने काढत होता. मोजणीत कमी भरल्यावर दोघं घाबरले आणि कुणीतरी बळी पाहिजे म्हणून शोध सुरू झाला. नऊ डबे नेणारा हमाल, त्याच गोदामातला, बिल नसलेला. याहून सोयीचा माणूस कुठे मिळणार? फोन सुपरवायझरने केला, आकडा दुकानदाराने पुरवला. किमतीच्या चिठ्ठ्यांबद्दल वजनमापे खात्याला वेगळं पत्र गेलं.

हमालाविरुद्ध पुरावा नाही म्हणून कलम एकशेएकोणसत्तरचा अहवाल देऊन त्याला सोडण्यात आलं. अटकेच्या वेळी त्याच्याजवळ मिळालेल्या वस्तू परत द्यायच्या होत्या. करदोटा, बिडीचं बंडल, आणि सरकारी दवाखान्याचा घडी पडलेला केसपेपर. डबे मात्र देता येत नव्हते. ते गोदामाचे, मुद्देमाल म्हणून न्यायालयाच्या ताब्यात.

“मग बायकोला काय देऊ, साहेब?” त्याने विचारलं. रागाने नव्हे, खरंच विचारलं.

साहेबांनी तो केसपेपर उचलला. डॉक्टरांची इंग्रजी अक्षरं, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. साहेब वाचू लागले आणि थांबले. “तुला हा कागद कुणी वाचून दाखवला?”

“दुकानवाल्यानं. मना वाचता येत न्हाय.”

“यात लिहिलंय, रोज दोन अंडी. डाळ. शेंगदाणे, भिजवलेले चणे, दूध. आणि सगळ्यात शेवटी, शक्य झालं तर पावडर.”

दुकानदाराने शेवटची ओळ तेवढी वाचली होती.

हमालाने त्या कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “डबं राहू द्या. ह्यो कागद तेवढा द्या. नि मराठीत लिवून द्या, बायको चौथी शिकलीय, ती वाचंल.”

ते मी लिहून दिलं. मोठ्या अक्षरात, जमेल तितकं शुद्ध. त्याने मला तीन वेळा वाचायला लावलं. अंडी, डाळ, शेंगदाणे, चणे, दूध. तिसऱ्यांदा तोही माझ्याबरोबर म्हणत होता, शाळेतल्या पोरासारखा.

माझी चौकशी झाली. एक वेतनवाढ थांबली, सक्त ताकीद मिळाली. नोकरी राहिली ती साहेबांमुळे. माणूस स्वतःहून हजर झाला, असा शेरा त्यांनी मारला होता. गावाहून दुसरा डबाही आला. आईने तो घासूनपुसून, चिठ्ठी धुऊन टाकून, त्यात जवसाची चटणी भरून पाठवला होता. मुद्देमाल कारकून कपाळावर हात मारून म्हणाला, “मामा, ही चटणी कुठल्या कलमाखाली जमा करू?” चटणी ठाण्याने खाल्ली. डबा वासासकट न्यायालयात गेला.

त्या प्रकरणाने काय शिकवलं? खबर देणारा जे सांगतो त्याहून, ते त्याला कसं ठाऊक, हे आधी विचारायचं. तरुण पोरांना मी निवृत्तीपर्यंत हेच सांगत आलो. आणि सेलच्या पाटीपुढे उभं राहिलो की दुकानदाराला विचारतो, “महिन्यापूर्वी हे कितीला होतं?” बहुतेक जण हसतात. एखादा खरं सांगतो, त्याच्याकडून घेतो. सूट किती हे दुकानदारच ठरवतो, कारण कितीपासून सूट हेही त्यानेच ठरवलेलं असतं. सगळीच दुकानं लबाड नसतात. पण भाव चढते असले आणि घरात आजारी माणूस असलं की आपल्याला विचारायची हिंमत राहत नाही, आणि लबाड माणूस तेवढंच ओळखून असतो.

पुढच्या वर्षी कोन नाक्यावर तो दिसला. दुसऱ्या गोदामात कामाला लागला होता. अंडीवाल्याशी घासाघीस चालली होती, “काल कितीला दिलीस, ते आधी बोल.” बायको शेजारी उभी. भरली होती अंगाने, पदर तोंडावर नव्हता. मला पाहून दोघांनी हात जोडले. “ह्यांनीच सोडवलं मना,” तो अंडीवाल्याला म्हणाला. “ह्यांनीच कागद लिवून दिला.”

मीही हात जोडले आणि पुढे चालू लागलो. कानफटात मारलेली त्याला ठाऊक होती, ती त्याने कधीच माफ केली होती. पण दुकानदारासमोर मी म्हटलेला “हो” त्याने ऐकला नव्हता, तो तेव्हा लॉकअपमध्ये होता. तो शब्द माझ्या जबाबात आहे, सहीनिशी, न्यायालयाच्या कागदांत. त्याला वाचता येत नाही, आणि मी एक कागद त्याला तीन वेळा वाचून दाखवला तरी हा दुसरा कधी दाखवला नाही. आज तो इथे लिहिला आहे. त्याच्या बायकोला वाचता येतं.